प्रश्न देवळातूनच निघाले

तत्त्वज्ञानाच्या सुरुवातीची एक सोपी गोष्ट आपल्याला सारखी भेटते. यूट्यूबच्या दहा मिनिटांच्या व्हिडिओत, स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये, कट्ट्यावरच्या वादात. ती अशी: पूर्वी माणसं भोळी होती. वीज कडाडली की झ्यूस रागावला, जमीन हादरली की पोसायडन. मग इ.स.पू. सहाव्या शतकात थेलीस नावाचा हुशार माणूस आला, त्याने देवबिव बाजूला सारले, सगळं जग पाण्यापासून झालंय असं सांगितलं आणि विज्ञान सुरू झालं. श्रद्धा संपली, बुद्धी सुरू झाली. विल्हेल्म नेस्टले या जर्मन अभ्यासकाच्या १९४० सालच्या ग्रंथाचं नावच 'मिथकाकडून तर्काकडे' या अर्थाचं आहे.

गोष्ट नीटनेटकी आहे. अडचण एवढीच, की खुद्द थेलीस तिच्यात बसत नाही.

थेलीसने लिहिलेलं काहीही आज उरलेलं नाही. त्याच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते बरंचसं ॲरिस्टॉटलकडून. ॲरिस्टॉटल पाण्याची गोष्ट सांगतो, ती सगळ्यांना पाठ असते. पण तो असंही सांगतो, की थेलीसच्या मते सगळं काही देवांनी भरलेलं होतं. आणि लोहचुंबक लोखंडाला हलवतो, म्हणजे त्याच्यात जीव असला पाहिजे, असंही थेलीस मानायचा. पहिल्या विधानाला आपण विज्ञान म्हणून टाळ्या वाजवतो आणि दुसरं हळूच गाळतो. निघाली दोन्ही एकाच डोक्यातून.

हा गाळलेला भाग मला महत्त्वाचा वाटतो. कारण ती सोपी गोष्ट आपल्यासमोर दोनच पर्याय ठेवते: प्रश्न विचारा आणि श्रद्धेच्या घरातून बाहेर पडा, नाहीतर घरात राहा आणि गप्प बसा. माझ्या पिढीतल्या अनेकांनी यावर सोयीचा तोडगा काढलाय. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दसऱ्याला ऑफिसात लॅपटॉपला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहिलं जातं, आणि पुढच्या कामाच्या दिवशी त्याच लॅपटॉपवर आम्ही कारण सापडेपर्यंत लॉग उपसतो. डोक्याच्या हार्ड डिस्कला दोन पार्टिशन. एकातली फाइल दुसऱ्यात उघडायची नाही, असा अलिखित करार.

या कराराने घरात शांतता राहते हे खरं. पण वारशाने आलेल्या श्रद्धेला प्रश्न विचारणं हा तिचा अपमान असतो का? का न विचारणं हाच अपमान असतो? पहिल्या ग्रीक तत्त्वज्ञांच्या डोक्यात असं पार्टिशन नव्हतं, म्हणून या प्रश्नासाठी त्यांच्याकडे जावंसं वाटतं.

पुस्तक नसलेला धर्म

आधी त्यांचा धर्म कसा होता ते बघू. ग्रीकांकडे एकच एक पवित्र ग्रंथ नव्हता. सगळ्यांना बांधून ठेवणारं धर्मपीठ नव्हतं. पुजारी असणं हा बहुतेक ठिकाणी गावातला मान होता. देवाबद्दलचे सिद्धांत शिकवणं हे पुजाऱ्याचं काम नव्हतं. धर्म म्हणजे मुख्यतः करायच्या गोष्टी: बळी, नैवेद्य, मिरवणुका, नवस, शकुन, सण. देव कोण, कुणाचा मुलगा कोण, कुणाचं कुणाशी भांडण, हे कळायचं कवींकडून. ग्रीकांना देवांची वंशावळ होमर आणि हेसिअड यांनी दिली, असं हेरोडोटस सांगतो.

हेसिअडची 'थिऑगनी' साधारण इ.स.पू. ७०० ची. देवांच्या जन्माची ही दीर्घ कविता. हेलिकॉन पर्वताच्या पायथ्याशी मेंढ्या राखत असताना म्युझेस या काव्यदेवता भेटल्या आणि त्यांनी हे गाणं दिलं, असं तो सांगतो. कवितेत तो जो प्रश्न घेतो तो असा: सगळ्यांत आधी काय होतं, आणि बाकीचं त्यातून कसं आलं? त्याचं उत्तर: आधी केऑस, म्हणजे आ वासलेली पोकळी. मग पृथ्वी, मग टार्टारस हे पाताळ, मग इरॉस ही ओढ. पुढे जन्मांमागून जन्म.

शंभरेक वर्षांनी मायलीटस या बंदराच्या शहरात (आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम किनारा) थेलीसने हाच प्रश्न उचलला. आधी काय होतं? प्रश्न भक्तीच्या कवितेतला, जसाच्या तसा. बदलला तो उत्तरामागचा आधार. हेसिअडच्या उत्तरामागे देवता उभ्या होत्या. आणि गंमत म्हणजे आपण खऱ्यासारखं दिसणारं खोटंही बोलू शकतो, असं त्या देवतांनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. थेलीसच्या पाण्यामागे कुणीच उभं नव्हतं. त्यामुळे त्याच शहरातला ॲनॅक्झिमँडर बिनधास्त म्हणू शकला, की पाणी कसं असेल? या मागचा युक्तिवाद ॲरिस्टॉटलने नोंदवलाय: विरुद्ध गुणांच्या जोडीतलं एकच तत्त्व अमर्याद असतं, तर त्याने दुसऱ्याला कधीच गिळून टाकलं असतं. पाणी अमर्याद असतं तर आग उरलीच नसती. म्हणून मूळ तत्त्व पाणीही नाही, आगही नाही. ते अमर्याद, अनिश्चित असं काहीतरी आहे. त्याला तो 'अपिरॉन' म्हणतो. त्याच्यानंतर त्याच शहरातल्या ॲनॅक्झिमिनीसने हवा हे उत्तर दिलं. एक शहर, एक प्रश्न, तीन उत्तरं. आमच्या भाषेत सांगायचं तर रिपॉझिटरी तीच राहिली, पण आता कुणालाही पुल रिक्वेस्ट टाकता येत होती.

आणि या अपिरॉनचं वर्णन कसं होतं? अमर, अविनाशी, सगळ्याला वेढून असलेलं. होमरमध्ये ही विशेषणं देवांची आहेत. म्हणजे देवपण हाकललं गेलं नव्हतं, त्याचा पत्ता बदलला होता.

निसर्गाचं कोर्ट

ॲनॅक्झिमँडरच्या लिखाणातलं जवळजवळ एकच वाक्य उरलंय, तेही सिंप्लिकिअस नावाच्या भाष्यकाराने हजारांहून जास्त वर्षांनी उतरवून ठेवलं म्हणून. त्याचा आशय असा: गोष्टी ज्यातून जन्मतात त्यातच परत जातात, कारण त्यांनी एकमेकींवर केलेल्या अन्यायाचा दंड त्या काळाच्या हुकुमाप्रमाणे भरत असतात. उन्हाळा हिवाळ्याची जागा बळकावतो, मग ती त्याला परत द्यावी लागते. ओलं कोरड्यावर अतिक्रमण करतं, मग कोरड्याची पाळी येते.

हे सगळे शब्द कोर्टातले आहेत. अन्याय, दंड, भरपाई. थोड्या काळाने एफिससचा हेराक्लायटस सूर्याबद्दल असंच बोलतो: सूर्य आपली मर्यादा ओलांडणार नाही, ओलांडली तर न्यायदेवतेच्या सेविका, म्हणजे एरिनिस, त्याला शोधून काढतील. एरिनिस म्हणजे शपथ मोडणाऱ्यांचा आणि रक्ताच्या नात्यात खून करणाऱ्यांचा पाठलाग करणाऱ्या भयंकर देवता. म्हणजे खगोलशास्त्राच्या हद्दीवर पहारा धर्माचा.

हे वाचून हसू येऊ शकतं. पण समजा, रात्री दोन वाजता सर्व्हिस पडते. अलार्म वाजतात, चार जण कॉलवर येतात. तास-दोन तास कारण सापडत नाही. सर्व्हर रीस्टार्ट केला की सगळं आपोआप नीट चालू लागतं. तरी त्या कॉलवरचं कुणीही म्हणत नाही, की "हे विनाकारण झालं". दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये 'रूट कॉज' हा रकाना असतोच, आणि तिथे 'कारण नव्हतं' असं लिहिलेलं चालत नाही. जगात विनाकारण काही घडत नाही, हे आमच्यापैकी कुणी सिद्ध केलेलं नाही. पुरावा नंतर मिळतो. शोध सुरू होतो तो भरवशावर.

हा भरवसा आला कुठून? इंग्रज अभ्यासक एफ. एम. कॉर्नफर्डने १९१२ च्या 'फ्रॉम रिलिजन टू फिलॉसॉफी' या पुस्तकात सांगितलं, की त्याचं मूळ धर्मात आहे. 'मोइरा' म्हणजे प्रत्येकाला नेमून दिलेला वाटा. ही वाटणी झ्यूसलाही सहज मोडता येत नाही, आणि निसर्गनियमाची कल्पना त्या वाटणीतून उगवली. फ्रेंच अभ्यासक झाँ-पिएर व्हेर्नांने १९६२ साली बोट दाखवलं ते नगरराज्याकडे: चौकात समोरासमोर वाद घालणारे नागरिक, सगळ्यांना लागू असलेला लिखित कायदा, त्यातून समतोल विश्वाचं चित्र. मला यात एकाची निवड करावीशी वाटत नाही. न्यायाची देवता डिके ही हेसिअडमध्ये झ्यूसची मुलगी आहे, बापाच्या शेजारी बसून माणसांच्या अन्यायाची तक्रार करते. देऊळ आणि कोर्ट यांच्यात तेव्हा आजच्याएवढी जाड भिंत नव्हती.

म्हणजे ज्या पार्टिशनला मी 'तर्क' असं नाव दिलंय, त्याच्या तळाशी एक जुनी श्रद्धा बसलेली आहे. तिला नाकारलं तर डीबगिंगच बंद पडेल.

बैलांचे देव

आता झेनोफेनिस. कोलोफोन हे त्याचं गाव. तरुणपणी त्याने ते सोडलं आणि पुढची साठाहून जास्त वर्षं ग्रीक जगात भटकत, कविता म्हणत काढली. होमर आणि हेसिअड यांनी देवांना काय काय करायला लावलं, याची त्याला चीड होती: चोरी, व्यभिचार, फसवणूक. माणसाने केलं तर लाज वाटावी असं सगळं. तो म्हणायचा, की इथिओपियाच्या लोकांचे देव काळे आणि चपट्या नाकाचे, थ्रेसच्या लोकांचे निळ्या डोळ्यांचे आणि तांबड्या केसांचे. बैलांना, घोड्यांना, सिंहांना हात असते तर त्यांनी बैलासारखे, घोड्यासारखे, सिंहासारखे देव काढले असते.

आज असा माणूस इंटरनेटवर आला तर एक गट त्याला धर्मद्रोही म्हणेल आणि दुसरा आपला नास्तिक हीरो. दोघांचीही निराशा होईल. कारण याच्याच पुढे झेनोफेनिस एका थोर देवाबद्दल बोलतो, जो शरीराने किंवा विचाराने माणसासारखा नाही, जो जागचा न हलता केवळ मनाने सगळं हलवतो. त्याला देव काढून टाकायचा नव्हता. देवाबद्दल हलकं बोललेलं त्याला सहन होत नव्हतं. ज्याला देवाचं काही देणंघेणं नाही, तो देवाच्या व्यभिचाराच्या गोष्टी करमणूक म्हणून ऐकतो आणि सोडून देतो. राग येतो तो ज्याची अपेक्षा मोठी असते त्याला.

आणखी एक गोष्ट त्याने केली, आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. हाच नियम त्याने स्वतःला लावला. देवांबद्दलचं पक्कं सत्य कुठल्याही माणसाला कळलेलं नाही. कुणी चुकून अगदी बरोबर बोलला तरी आपण बरोबर आहोत हे त्याला कळणार नाही, असं तो म्हणतो. यात तो स्वतःही आला.

वाचवण्याची कला

झेनोफेनिसच्या काळातच, दक्षिण इटलीतल्या रेगियम गावचा थिआजिनीस वेगळ्या वाटेने गेला. होमरमध्ये देव एकमेकांशी मारामारी करतात, हे त्यालाही खटकत असावं. पण नंतरच्या भाष्यकारांनी नोंदवल्याप्रमाणे त्याचं उत्तर असं: हे खरे देव नव्हेतच. ही उष्ण आणि थंड, कोरडं आणि ओलं यांची झुंज आहे. होमरने निसर्गाचं ज्ञान रूपकात सांगितलंय, तुम्हाला वाचता येत नाही.

ओळखीचं वाटतंय ना? मंत्रांत क्वांटम फिजिक्स आणि पुराणांत इंटरनेट शोधणारे फॉरवर्ड आपल्या फॅमिली ग्रुपवर येतात, त्यांचा हा पूर्वज. पण थिआजिनीसला झटकून टाकणं अन्यायाचं होईल. १९६२ साली ग्रीसमध्ये थेसालोनिकीजवळ डेर्वेनीला एका चितेच्या अवशेषांत अर्धवट जळलेली पपायरसची गुंडाळी सापडली. युरोपातलं सगळ्यांत जुनं टिकलेलं हस्तलिखित म्हणून आज तिची ख्याती आहे. तिच्यात कुणा अनामिकाने ऑर्फियसच्या नावाने चालणाऱ्या धार्मिक कवितेवर भाष्य केलंय, आणि त्यातला झ्यूस म्हणजे हवा, म्हणजेच विश्वातली बुद्धी, असा अर्थ लावलाय. हा माणूस फसवायला बसला होता असं वाटत नाही. त्याचं त्या कवितेवर प्रेम होतं आणि नवं भौतिकशास्त्रही त्याला पटलं होतं. दोन्ही एकत्र धरायची त्याची धडपड दिसते. दोन पार्टिशन करून मोकळं होण्यापेक्षा ती मला जास्त प्रामाणिक वाटते.

तरीही या वाटेत खोट आहे. रूपकाच्या वाटेवर होमर कधीच चुकू शकत नाही. उद्या नवा शोध लागला तर तोही होमरला माहीत होता असं निघेल. आमच्या कामात प्रत्येक बदलानंतर हिरवाच दिवा दाखवणारी टेस्ट असेल, तर आम्ही ती टेस्ट मानत नाही. अशा वाचनात आपण होमरचं ऐकतच नसतो. आपल्याला आधीच पटलेलं त्याच्या तोंडी घालतो. झेनोफेनिसने होमरला चुकायची मुभा दिली. एखाद्याशी भांडायला आधी त्याचं म्हणणं नीट ऐकावं लागतं.

धर्माच्या मुळांतून फक्त चांगलंच उगवलं असंही नाही. पायथागोरसचा क्रोटॉनमधला पंथ बघा. पुनर्जन्म, घेवडा न खाण्याचं बंधन आणि संख्यांचं विलक्षण आकर्षण, सगळं एका छताखाली. त्याच्या अनुयायांबद्दल सांगतात, की वादात ते एकाच वाक्याने पूर्णविराम द्यायचे: गुरूंनी स्वतः सांगितलंय. कोड रिव्ह्यूमध्ये "सीनिअर म्हणाले" हे उत्तर ज्याने ऐकलंय त्याला हा पंथ परका वाटणार नाही. याच्या उलट इलिआच्या पार्मेनिडीसची कविता. तरुण रथातून एका देवीकडे जातो. वाटेतल्या दरवाजाच्या किल्ल्या डिकेकडे आहेत. देवी त्याला अस्तित्वाचं सत्य सांगते, आणि सांगता सांगता बजावते, की माझं म्हणणं तू तर्काने पारखून घे. साक्षात्कारातच तपासणीची आज्ञा! म्हणून प्रश्न 'धर्म की तर्क' असा विचारण्यापेक्षा, समोरचा आपल्याला तपासू देतो का, असा विचारलेला बरा. देवी तपासू देते आणि गणितीचे शिष्य देत नाहीत, असं होऊ शकतं.

मेंढ्याचं डोकं

प्लुटार्कने पेरिक्लिसच्या चरित्रात एक किस्सा दिलाय. पेरिक्लिसच्या शेतावरून एकाच शिंगाच्या मेंढ्याचं डोकं आणलं गेलं. लँपॉन या शकुन सांगणाऱ्याने अर्थ लावला: अथेन्समध्ये सध्या दोन नेत्यांचे दोन गट आहेत, आता सत्ता एकाकडे जाईल, ज्याच्याकडे ही खूण सापडली त्याच्याकडे. तिथे ॲनॅक्झागोरस हा तत्त्वज्ञही होता. त्याने कवटी फोडून दाखवली: मेंदू नेहमीसारखा पसरलेला नव्हता, शिंगाच्या मुळाशी अंड्यासारखा टोकदार गोळा झाला होता. लोकांनी ॲनॅक्झागोरसची वाहवा केली. थोड्या दिवसांनी पेरिक्लिसच्या प्रतिस्पर्ध्याला शहराबाहेर जावं लागलं, सत्ता पेरिक्लिसकडे आली, आणि लोकांनी लँपॉनची वाहवा केली.

प्लुटार्क स्वतः डेल्फीच्या अपोलोचा पुजारी होता. तो म्हणतो, दोघंही बरोबर असू शकतात: एकाने कारण शोधलं, दुसऱ्याने हेतू. कारण सापडलं म्हणून खूण खोटी ठरते असं नाही. घंटा कशी वाजते हे कळल्याने ती कशासाठी वाजवली हे मिटत नाही.

युक्तिवाद सुंदर आहे, आणि मला तो अर्धाच पटतो. घंटा कुणीतरी वाजवायला ठेवलेली असते हे आपल्याला आधीच माहीत असतं. मेंढ्याचं शिंग कुणी ठेवलं होतं का, हाच तर प्रश्न आहे. शिवाय लँपॉनचा शकुन चुकला असता तर तो कुणाच्या लक्षात राहिला असता? कवटी मात्र कुणालाही बघता आली. पण प्लुटार्कचा अर्धा भाग घ्यावाच लागतो: 'कसं' याचं उत्तर मिळालं की 'मी आता काय करू' हा प्रश्न तसाच उरतो.

याच ॲनॅक्झागोरसने सूर्य म्हणजे तापलेला दगड आहे, पेलोपोनिससपेक्षा मोठा, असं सांगितलं. अथेन्समध्ये त्याच्यावर अधर्माचा आरोप आला. खटल्याच्या तपशिलांत प्राचीन लेखकांचं एकमत नाही, पण त्याला अथेन्स सोडावं लागलं आणि लँप्सॅकसला त्याने उरलेलं आयुष्य काढलं. सांगतात, की काय स्मारक करू असं तिथल्या लोकांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, माझ्या मृत्यूच्या महिन्यात मुलांना शाळेला सुट्टी द्या.

इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसचं एवढ्यावर भागलं नाही. शहराचे देव न मानण्याचा आरोप, आणि विषाचा प्याला. आपल्या बचावात तो म्हणाला, की लोकांना प्रश्न विचारत फिरणं हे मला डेल्फीच्या देवाने लावलेलं काम आहे. ग्रंथ नसलेला, मोकळा वाटणारा धर्मसुद्धा घाबरला की माणूस मारतो, हे विसरून चालणार नाही. पण मारणाऱ्यांनी ज्याला देवद्रोही ठरवलं तो त्या न्यायसभेतला कदाचित सगळ्यांत भाविक माणूस होता, हेही विसरून चालणार नाही.

काय मागायचं

एक आक्षेप शिल्लक आहे, आणि तो खरा आहे. आजी रोज देवासमोर दिवा लावते, तिचं कुणाला नुकसान नाही. तिच्याशी झेनोफेनिसगिरी कशाला? माझं उत्तर: कशालाच नाही. झेनोफेनिसने हल्ला केला तो होमरवर, म्हणजे अख्ख्या ग्रीसला शिकवणाऱ्यावर. दिवा लावणाऱ्या कुणावर त्याने शब्द खर्च केल्याचं दिसत नाही. प्रश्न विचारायचे ते आधी ज्याच्या हातात माईक आहे त्याला, आणि त्याच्याही आधी स्वतःला.

त्याची मेजवानीवरची एक कविता आपल्यापर्यंत पोचलीय. जमीन झाडलेली आहे, हात धुतलेले आहेत, वेदी फुलांनी झाकलीय. आधी देवाचं स्तोत्र, स्वच्छ शब्दांत. मग प्रार्थना, आणि तिच्यात मागायचं काय, तर योग्य ते करण्याचं बळ. त्यानंतर प्यायचं, पण सोबतीशिवाय घरी पोचता येईल इतकंच. आणि गाणी म्हणायची तर देव-दैत्यांच्या मारामारीची नकोत, ती जुन्या लोकांनी रचलेली आहेत.

फुलं राहिली, स्तोत्र राहिलं, वेदी राहिली. मागणं बदललं. एवढी टीका करून हा माणूस त्याच वेदीसमोर उभा राहतो आणि पाऊस, पैसा, विजय यांतलं काहीही न मागता चांगलं वागायची ताकद मागतो. मला वाटतं दोन पार्टिशनमधली भिंत नेमकी इथे पडते, कारण हे मागणं पुरं झालं की नाही ते संध्याकाळी आपलं आपल्याला तपासता येतं. देवांनी सगळं सुरुवातीलाच माणसाला दाखवलं नाही, शोधत राहिलं तर काळाच्या ओघात अधिक चांगलं सापडतं, असंही त्याने म्हणून ठेवलंय. अडीच हजार वर्षांपूर्वी हे एका भाविक माणसाने म्हटलं. येत्या दसऱ्याला मी लॅपटॉपला फूल वाहणार आहेच. फक्त त्या वेळी काय मागायचं, ते आता ठरलंय.